गडव्यावरचं नाव

१० जानेवारी १९५५, सोमवार

हे म्हणते, रोज पाच ओळी लिहत जा, अक्षर सुधरते. म्हणून लिहून राह्यली. यायले दाखवाचं नाई.

आजपासून ठरोलं. कायलेच भ्याचं नाई.

माणिकले काल ताप होता. मी भेली नाई. फक्त शेजारच्या मनकर्णाबाईकडं चार डाव जाऊन आली. ती म्हणे, "अवो मास्तरीनबाई, दात येऊन राह्यले पोराले. तुमी निजा अन् मलेबी निजू द्या." बाई चांगली हाय, पण तोंड फटकळ.

१२ जानेवारी

वर्ध्याले जिल्ह्यातल्या शाळांची इतिहासाची स्पर्धा हाय. पोरानं गावातली जुनी वस्तू न्याची अन् तिचा इतिहास सांगाचा. ज्याची सरस त्याले स्पेशल बक्षीस. त्याच्या मास्तरलेबी स्पेशल. हेडमास्तर अण्णाजी आमच्या यायले म्हणले, बक्षीस भेटलं तर वर्ध्याच्या शाळेसाठी तुमचं नाव मीच धाडतो.

वर्ध्याले गल्लीगल्लीत डाक्तर हाय म्हणे. अल्लीपुरात डाक्तर पाहिजे तर हिंगणघाट, तेबी बैलगाडी भेटली तर. मले आपलं शहर पाहाचं हाय. डाक्तरचं असंच लिहलं.

१५ जानेवारी, दुपार

यायच्या वर्गातला चंद्रभान जाणार हाय. बापूराव पाटलाच्या वावरात विहीर खंदताना पाणी प्याचा तांब्याचा गडवा निंघाला, तो घेऊन. गळ्याखाली जुनी अक्षरं हायेत. हे भिंग लावून लावून पाहते. भोसल्याच्या राज्यातला असन म्हणते. सध्या आमच्याच फळीवर हाय. हिरवा, काळा, मातीनं भरेल. यायनं सांगतलं, त्याले हात लावजो नोको. मी कायले लावू.

चंद्रभान रोज सांजच्याले येऊन भाषण म्हणते. मले पाठ झालं.

१९ जानेवारी

सासूबाई म्हणत, लोक घर पाहत नाई, भांडे पाहते. असा कळकट गडवा मोठ्या सायबासमोर ठेवला तर का म्हणतीन? मास्तरच्या घरी बाई हाय का नाई?

हे शाळेत गेले. चिंच अन् राख घेतली. एक हात फिरवला तर लाल झाला. मग थांबवेचना. अक्षरं थोडी कमी झाली. तशीबी ती कोणाले वाचता येत नव्हती.

फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला. यायचं भिंगानं पाहून झालंच हाय. वर्ध्याले फडकं सोडतीन तवा यायले समजन. खुश होतीन.

२१ जानेवारी

एक धाक पडला. म्हणजे धाक नाई, विचार. तिथं गावोगावचे गडवे येतीन. लग्नात पंगत उठली का भांड्याची अदलाबदल होतेच. माह्या मायची कळशी अशीच गेली. तिच्यावर नाव नव्हतं.

देवानंच धाडला. भांड्यावर नावं टाकणारा हिरालाल गल्लीत आला. म्हणे, "किसका नाम डालूँ, बाई?" आता यायचं नाव मी तोंडानं कशी घेऊ? मंग पोराचं सांगतलं. त्यानं छिन्नीनं टाकलं, चि. माणिक, सन १९५५. सन तो आपल्या मनानंच टाकते, रीत हाय. मोत्यासारखं अक्षर. जुन्यापेक्षा खोल.

आता हरपत नाई.

२५ जानेवारी, सकाळ

हे अन् चंद्रभान पयल्या मोटरनं गेले. गडवा मीच बांधून देला, गाठीवर गाठ. म्हटलं, रस्त्यात सोडू नका, दृष्ट लागते. हे हासले.

माणिकचं आंग कोमट हाय. मी भेली नाई. ट्रंक भरून ठेवली, आखरीले घाई नोको. पाटा-वरवंटा जड, तो कोण नेते. मनकर्णाबाईले म्हटलं, तुमी घ्या. ती म्हणे, "काऊन, बदली झाली का?" म्हटलं, झाल्यातच जमा. तिनं लगेच उचलून नेला.

२६ जानेवारी, दुपार

आले. यायनं गडवा फळीवर ठेवला. सगळं चंद्रभाननं सांगतलं.

यायनं सायबासमोरच गाठी सोडल्या. गडवा इतका चमकला का बाजूचे पोट्टे त्याच्यात तोंड पाहाले लागले. हे पाहतच राह्यले. चंद्रभाननं भाषण म्हटलं, हा गडवा दोनशे वर्षं मातीत होता. सायबानं चष्मा लावला, गडवा फिरवला अन् म्हणे, "हे माणिकराजे कोणत्या घराण्यातले?"

चंद्रभान इमानदार पोट्टा. म्हणे, "आमच्या मास्तरचं बाळ हाय जी. अजून चालत नाई."

दोनी स्पेशल बक्षिसं पुलगावकडच्या शाळेले गेली. त्यायची तलवार होती, मुठीपासून टोकापर्यंत गंज. मास्तर बिनलग्नाचा असन.

चंद्रभान गेल्यावर हे मले एकच बोलले. "काऊन केलं?" म्हटलं, हरपू नये म्हणून.

२७ जानेवारी

हे गडवा बापूराव पाटलाले वापस द्याले गेले. पाटील म्हणे, "मास्तर, नाव ज्याचं भांडं त्याचं. दुसऱ्याच्या पोराचं नाव मी घरात कसं ठेवू? पाणी पाजा त्याले याच्यातून." गडवा यायच्यासंगच वापस आला.

सांजच्याले माणिकचा ताप चढला. माह्या हातातून पळी पडली, तिले तेल लागलं होतं. यायनं त्याच गडव्यात पाणी घेतलं, पोराच्या कपाळावर पट्टी ठेवली. म्हणे, "तू बस. मी हाओ न. अन् गाडी सांगून ठेवली हाय हिंगणघाटची."

गाडी लागली नाई. ताप उतरला.

हिंगणघाट काई तितकं दूर नाई. मी वर्ध्याचं कधी म्हटलंच नव्हतं.

३१ जानेवारी

ट्रंक रिकामी केली. मनकर्णाबाईकडं पाटा मांगाले गेली. म्हणे, "न्या बाप्पा. नशीब तुमचं, मी अजून नाव नाई टाकलं त्याच्यावर."

दुपारी हिरालाल गल्लीत आवाज देत आला. आमच्या दारापाशी थांबला. मी कडी लावून दाराच्या मांगं बसून राह्यली, तो जायपर्यंत.

भेली नाई. माणिक झोपला होता.