दार छोटं झालंय, बाबा

९ फेब्रु., रवि.
धान्याचं कोठार वाळलं. भेग एकच, मागच्या भिंतीला. चालेल, खेळातल्या लढाईचं मातीचं घर आहे, भेगा शोभतात. लेकीने, प्रज्ञाने दिलेला बोटाएवढा सैनिक दारात उभा केला. डोकं चौकटीला आपटतंय. म्हणजे जमलं. फोटो पाठवला.

अर्ध्या तासात फोन! "बाबा, दार परत छोटं? कितीदा सांगितलं, सैनिकाच्या पायाखालची चकती धरून माप घ्यायचं!" म्हटलं, अगं, शाडू वाळताना आकसते, मी काय करू? मग भिंत कुठून कापायची, कानस कशी मारायची, सगळं समजावत बसली. जेवलात का, तेही विचारलं. पोरगी बंगळुरूला गेल्यापासून एवढं बोलणं फक्त दारांवरच होतं.

माती किती आकसते ते मला पहिल्याच घराला कळलंय. जन्मभर कारखान्यात साचे केले ते काय उगाच?

१५ फेब्रु., शनि.
शनिवार, म्हणजे प्र.चा खेळ. टेबलावर गाव मांडायचं, बोटाएवढे सैनिक, फासे टाकून लढाई. तिशीची झाली. लग्नाचं काढलं की फोन ठेवते, दाराचं काढलं की ठेवत नाही.

कल्याणहून शाडूची गोणी आणली. रिक्षावाला कुरकुरला. एमआयडीसीचा वास सुटलाय, खिडकी लावली तर माती वाळत नाही, उघडली तर डोकं दुखतं. खालच्या मजल्यावरचे म्हात्रे डोकावले. "काय कांबळे, दिवाली लांब हाय, किल्ला आताच?"
"ऑर्डर आहे. बंगळुरूची."
खोटं थोडंच आहे.

२ मार्च, रवि.
गाढवपणा केला. चावडी फारच मन लावून केली. कौलं नखाने एकेक, छप्पर अलगद उचलून आत सैनिक ठेवता येतील असं. त्या नादात दारही बरोबर मापाचं झालं. बिघडवायला हात धजेना. तसाच फोटो पाठवला.

संध्याकाळी उत्तर. पिवळा अंगठा. बस्स, एक अंगठा.

चांगलं काम केलं त्याचं हे फळ! प्र.ची आई असती तर पोट धरून हसली असती. टीव्ही लावला. बंद केला.

२३ मार्च, रवि.
प्र.चा फोन, आपणहून. केवढा आनंद झाला मला. "बाबा, गुड न्यूज! आमच्या ग्रुपने थ्रीडी प्रिंटर घेतला. आता घरं मशीनच करणार. मापात चूक होतच नाही. तुम्ही आता मातीत हात घालू नका, त्या धुळीने खोकला होतो तुम्हाला."
म्हटलं, वा वा, छान.

वा वा काय, मूर्खा!

उरलेल्या मातीवर ओलं फडकं टाकलं. का, ते माहीत नाही.

१४ एप्रिल, सोम.
जयंती. पांढरा शर्ट घालून विहारात जाऊन आलो. प्र. येणार होती, रजा मिळाली नाही. "पुढच्या महिन्यात नक्की, बाबा." तिच्यासाठी आणलेली बासुंदी म्हात्र्यांकडे दिली. "पोरगी नाय आली?" "काम आहे तिला."

एकटं वाटतं. लिहून टाकतो, इथे कोण वाचतंय. फोन का नाही करत, असं कोणीही म्हणेल. करतो की! "बरे आहात ना? जेवलात? ठेवू?" संपलं. आम्हा दोघांना मध्ये काहीतरी लागतं, दार नाहीतर भिंत. तिची आई होती तेव्हा तीच बोलायची, आम्ही दोघं नुसते हं हं करायचो. तेव्हा कळलं नाही की आपल्याला बोलता येत नाही ते.

२६ एप्रिल, शनि.
फडक्याखालची माती दगड झाली होती. फोडली, भिजत घातली. कोणासाठी, विचारू नये.

४ मे, रवि.
सकाळी माती मळत होतो, मोबाइल वाजला. प्र.चा फोटो. मशीनने केलेलं घर. राखाडी, गुळगुळीत, नावालाही भेग नाही. दारात सैनिक उभा केलाय. डोकं चौकटीला आपटतंय.

खाली लिहिलंय, "बाबा, बघा ना, काय चुकलं असेल?"

चष्मा पुसून परत पाहिलं. चकती धरलेली नाही. ज्या चकतीवरून मला ओरडून ओरडून घसा कोरडा केला, तीच चकती! आणि मशीन तर चुकत नाही म्हणाली होती.

म्हणजे ती मुद्दाम... नाही, खरंच चुकली असेल. पण चुकली कशी?

एकदा वाटलं, द्यावा पाठवून पिवळा अंगठा. फिट्टंफाट.

हात कोपरापर्यंत भरलेत. धुतो आणि फोन लावतो. भिंत कुठून कापायची, कानस कशी मारायची, सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल तिला.