होडीतले कुंकू

बडोदे, सोमवार, मार्गशीर्ष

मालवणहून परतले, पण तो म्हातारा होडीवाला डोक्यातून जात नाही. किल्ल्यावर निघताना म्हणाला, "बाय, बूट काढा. होडयेची पूजा केलंय." नाळेशी, होडीच्या पुढच्या टोकाला, ताजे कुंकू दिसत होते. तरी मी फणकारले, "होडी आहे की देऊळ?" आणि बुटांसकट चढले. कुंकवावर पाय पडला असेल का? त्याने होडी लोटली. उतरताना माझा तोल गेला, तर त्यानेच हात दिला. मी आभारही मानले नाहीत. कॉन्व्हेंटात शिकलेली मी, तीस वर्षे मुलींना शिष्टाचार शिकवणारी!

आज बूट पुसताना कामवाली थबकली. टाचेच्या खाचेत कुंकू. "बेन, बूट घालून देवळात गेलात?"

"हो," म्हटले.