निळ्या सुरईची शिवण

४ फेब्रुवारी, मंगळवार
हो म्हणून बसले! रविवारी महिला मंडळात वीस मिनिटं बोलायचं — हातानं फुंकलेली काच आणि तिच्या तऱ्हा. प्रमिलाताई म्हणाल्या, "तुमच्याशिवाय कोण सांगणार? तुमच्या मिस्टरांचा जन्म गेला विद्यापीठाच्या काचेच्या वर्कशॉपात." हे जाऊन तीन वर्षं झाली.

५ फेब्रुवारी, बुधवार
टिपणं काढली. ह्यांचेच शब्द आठवत गेले.

भट्टीवरची — लांब लोखंडी नळीच्या टोकाला वितळलेली काच घ्यायची, हवेतच फुंकून, फिरवून आकार द्यायचा. तळाशी तोडल्याची खूण राहते. हे तिला 'बेंबी' म्हणायचे. दोन नग कधी सारखे होत नाहीत.

साच्यातली — फुंकायची तशीच, पण साच्याच्या आत. पटापट होते, सगळे नग एकसारखे. साच्याचे दोन भाग जुळतात तिथं शिवण उमटते. "ती डोळ्यांनी नाही, अंगठ्यानं बघायची."

बर्नरवरची — तयार काचनळी ज्योतीवर मऊ करून वळवायची, जोडायची. ह्यांचं रोजचं काम. प्रयोगशाळेचे चंबू, नळ्या. बारीक, नेमकं, आणि कुणाच्या लक्षातही न येणारं.

मला पहिलीच प्रिय. कारण निळी सुरई! लग्नाआधी ट्रेनिंगहून आणली होती माझ्यासाठी. "आठ फुटल्या. नववी जमली, ती तुझी."

७ फेब्रुवारी, शुक्रवार
रविवारी दाखवायला सुरई कपाटातून काढली. आयुष्यात पहिल्यांदा मी धुतली. दर दिवाळीला हेच धुवायचे — "तू नको, निसटेल."

साबणाच्या हाताला एक रेघ लागली. गळ्यापासून तळापर्यंत. पलीकडून दुसरी.

उलटी केली. बेंबी नाही.

पुन्हा धुतली. तीनदा धुतली.

८ फेब्रुवारी, शनिवार
काचीगुड्याला शिवराजभावजींकडे गेले. ट्रेनिंगला हे दोघं बरोबर होते. विचारायचीही गरज पडली नाही — त्यांच्या देवघरात तश्शीच निळी सुरई, अगरबत्त्या खोचलेली! तोच गळा, तेच पोट.

"वहिनी, आम्हाला भट्टीला हात कोण लावू देतंय? आम्ही बर्नरवाले! येताना स्टेशनसमोर घेतल्या, दोघांनी एकेक." मग हसत सुटले. "गोविंद म्हणाला, मीच फुंकली म्हणून सांगतो. मी म्हटलं, नक्को रे, पकडेल ती! तुम्ही काय पकडलंच नाही."

त्यांची बायको तारामती चहा घेऊन आली, तीही हसत. "आमच्याकडं तर सरळ सांगितलं, विकत आणली म्हणून. मी म्हटलं, रंग तरी दुसरा आणायचा होता!"

म्हणजे तिलाही ठाऊक. इतकी वर्षं हळदीकुंकवाला माझ्या घरी यायची, सुरईचं कौतुक ऐकायची — आणि गप्प! चहा तसाच ठेवून उठले.

शाळेत खोटं बोललं की सिस्टर क्लारा शंभर ओळी लिहायला लावायच्या. ह्यांना किती ओळी लावू? आणि आता लिहून कोण देणार!

विकत आणली म्हणाले असते तरी छातीशीच धरली असती मी. बर्नरवरच्या माणसाला ही कॉन्व्हेंटची मुलगी कमी लेखेल, असं वाटलं का त्यांना? खोट्यापेक्षा तेच जास्त लागतंय. एवढंच ओळखलं मला?

तेजश्रीचा फोन. "आई, मी उद्या येतेय गं भाषणाला. बाबांची सुरई आणशील ना?" पोटची मुलगी. तिलाही मीच लहानपणापासून ती आठ फुटल्याची गोष्ट सांगत आले. मला फसवलं ते फसवलं, माझ्या तोंडून तिलाही फसवलं.

उद्या सगळ्यांसमोर सांगून टाकणार. एकेकीचा अंगठा धरून शिवणीवरून फिरवणार. ठरलं.

९ फेब्रुवारी, रविवार
नाही सांगितलं. तेजश्री पहिल्या रांगेत होती. सुरई उंच धरली आणि म्हणाले, "ही ह्यांनी फुंकलेली." टाळ्या पडल्या. एका शिवणीवर माझा अंगठा, दुसरीवर बोटं.

परतताना रिक्षात तेजश्री हळूच म्हणाली, "शिवण झाकायला बाबाही अगदी तशीच धरायचे."