संदर्भसूची आणि साडू

३ जून
विभागाची छापील संदर्भसूची वेबपेजवर चढवायचं काम मागून घेतलं. सर निवृत्त होतायत. नवा विभागप्रमुख निवडणारी समिती हे पेज बघूनच ठरवणार. उमेदवार दोघे: मी आणि माझा साडू. साडूनं नव्या पुस्तकात जगातल्या सगळ्यांचे संदर्भ दिलेत, माझा सोडून. हिला म्हटलं, तुझ्या बहिणीच्या नवऱ्याला आता इंगा दाखवतो. म्हणाली, आधी प्लंबरला दाखवा, नळ गळतोय.

५ जून
एचटीएमएल शिकायला घेतलं. तासाभरात येतं. पोरं उगाच त्यावर डिग्र्या घेतात.

६ जून
तासाभरात येत नाही.

९ जून
साडूच्या सगळ्या नोंदी उडवायचा मोह झाला. पण साप मरावा आणि काठीही मोडू नये. त्याचं नाव सगळ्यात बारीक अक्षरात, फिकट करड्या रंगात टाकलं. मला चष्मा लावूनही दिसलं नाही. हिला लगेच दिसलं. माहेरचं माणूस ना.

१२ जून
आडनावांच्या क्रमानं सूचीत साडूच्या लगेच खाली मी. जन्मभर हेच. आज माझी पहिली नोंद, माझा गाजलेला लेख, नावासकट तिथून उचलला आणि पानाच्या डोक्यावर नेऊन ठेवला. लाल, ठळक, लुकलुकता. बाकीचे लेख जागेवरच राहू दिले. हावरटपणा बरा नव्हे.

१५ जून
पेज सुरू. लायब्ररीतल्या बाई विचारत होत्या, वर ती लाल जाहिरात येते ती बंद कशी करायची. जळतात.

१९ जून
समितीतल्या एक मॅडम म्हणाल्या, तुमच्या साडूंच्या संशोधनाचा आवाका केवढा. यांना नाव दिसलं तरी कसं? घरी येऊन पेज उघडलं. सूचीत लेखकाचं नाव फक्त पहिल्या नोंदीला असतं. पुढच्या नोंदींना नुसती आडवी रेघ, म्हणजे लेखक वरचाच. माझी नाववाली नोंद मीच हलवली. खाली नुसत्या रेघा, वर साडू. माझं आयुष्यभराचं काम त्याच्या नावावर. स्वतःच्या हातानं पायावर धोंडा.

२० जून
दुरुस्त करायला बसलो आणि थांबलो. साडू हे गपचूप पचवणार, समितीपुढे मिरवणार. तेव्हा भर बैठकीत उठून चोर म्हणेन. त्याची बिनपाण्यानं करतो. नवा शर्ट घेतला.

२४ जून
बैठक. दोघांनाही बोलावलेलं. मी उठणार तोच साडू उठला. म्हणाला, पेजवर माझ्या नावाखाली भलतेच लेख आलेत. कोणाचे ते ठाऊक नाही, पण फारच कच्चे आहेत. माझे समजले गेले तर अब्रू जाईल, कृपया काढून टाका. सगळी समिती त्याच्या प्रामाणिकपणावर खूश. प्रमुख तोच.

मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. पेज तुम्ही केलंत ना, मग हे लेख आहेत कोणाचे?

सगळे माझ्याकडे बघत होते. साडूसुद्धा.

म्हटलं, बघावं लागेल.