सत्त्याहत्तर नंबरचा गडी

२४ जून १९८१, बुधवार

मोठे भावजी आले. दोन वर्षांनी! हातात पिशवी, डोळ्यांवर काळा चष्मा, चष्म्याखालून पाणी गळतंय. मला वाटलं भावाला बघून भरून आलं. कसलं काय — डोळे आलेले.

यांनी दारातच विचारलं, "साथ घेऊन आलास?" दोन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य!

भावजी म्हणाले, "कंपनीन गेटारच अडवल्यान. लाल डोळ्याचो माणूस आत नको म्हणतत. मुलुंडात एकटो काय करू?"

एकटेच आहेत खरे. जाऊबाई गेल्या त्यालाही सहा वर्षं झाली. चहा ठेवला. दुसरं काय करणार?

२६ जून

यांचेही डोळे आले. दीड खोलीत दोन भाऊ, दोन काळे चष्मे, समोरासमोरच्या भिंतींना टेकून. बोलणं माझ्यामार्फत.

"जानकी, त्याला सांग, तो कापूस माझा आहे."

"जानकी, तेका सांग, कापसार नाव लिवलला नाय."

मी मधे बोरिक पावडरच्या पाण्याची वाटी घेऊन उभी. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी, निम्मे मास्तरच लाल डोळ्यांचे. सगळ्या चाळीत माझेच डोळे पांढरे. शेजारची शकु म्हणाली, "तू खातेस तरी काय गं?" संशयानेच!

भांडण पाटाचं. सासूबाई वारल्या आणि त्यांचा गणपतीचा पाट आमच्याकडे राहिला. भावजी म्हणतात, मोठा मी, गणपती माझ्याकडे बसणार. हे म्हणतात, आईला शेवटपर्यंत घाटकोपरला कोणी सांभाळली? झालं. गेल्या वर्षी भावजी दर्शनालासुद्धा आले नाहीत.

२८ जून, रविवार

वरच्या मजल्यावरचा विद्याधर वर्तमानपत्राच्या कचेरीत टेलिप्रिंटरवर आहे. त्याचे डोळे येऊन गेले, म्हणून ड्यूटीवर. आज कागदाच्या लांब पट्ट्या घेऊन आला. फ्रान्समधली सायकलची शर्यत! गुरुवारी सुरू झाली, तीन आठवड्यांवर चालते. "आमच्याकडे कोण छापतंय वहिनी? टोपलीत जातं. यांना वाचून दाखवा, भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा बरं."

इंग्रजी दोघांनाही येत नाही. मी वाचलं. रोज शंभर-दोनशे किलोमीटर. जो सगळ्यांत पुढे, त्याला पिवळा बनियन. आणि हा त्या माणसांचा धंदाच आहे!

"सायकल चालवायचा पगार?" हे उठूनच बसले.

भावजी अठरा वर्षं सायकलने कामावर जातात. म्हणाले, "माका कोणी बनियन दिल्यान नाय."

नावं कोणाच्या बापाला उच्चारता येईनात, म्हणून नंबर धरले. आकडा लावतात तसे! यांचा बत्तीस. भावजींचा सत्त्याहत्तर. ज्याचा गडी मागे, त्याने सकाळी पाणी भरायचं.

३० जून

बत्तीस नंबर सव्विसावा, सत्त्याहत्तर एकतिसावा. भावजींनी पाणी भरलं. डोळे मिटून. निम्मं जिन्यात.

१ जुलै

हे काय होऊन बसलं! संध्याकाळी फणसाच्या आठळ्या उकडल्या होत्या. सोलता सोलता हे म्हणाले, "पाणी काय, पाणी कोणीही लावेल. हिंमत असेल तर मोठं लाव."

"काय लावू?"

"गणपती."

मला वाटलं चेष्टा. पण नाही! पॅरिसला ज्याचा गडी पुढे पोचेल, गणपती त्याच्या घरी. पाटासकट. कायमचा. विद्याधर साक्षीदार. दोघांनी हात मिळवले — म्हणजे आधी एकाचा हात हवेत, दुसऱ्याचा आठळ्यांच्या ताटलीत. मग मिळाले.

अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं. हे सगळं दोघं एकमेकांशी थेट बोलले. "जानकी, त्याला सांग" एकदाही नाही.

३ जुलै

पट्टी वाचता वाचता मी थांबले. सत्त्याहत्तर नंबरपुढे एकच शब्द. Abandoned. शाळेच्या शब्दकोशात नंतर बघितला — टाकून दिलेला, सोडलेला. खाली बातमीत होतंच — उतारावर पडला बिचारा. खांदा मोडला. शर्यतीतून बाहेर.

दोघं वाट बघतायत. भावजी कापूस डोळ्यांवर दाबून, "सांग गो."

त्याच्या आधी अर्धा तास दोघं लहानपणी कणकवलीत कोणाची तरी सायकल पळवून ओढ्यात घातली होती, त्याच्यावरून हसत होते. हे हसताना खोकतात, हे मी विसरूनच गेले होते.

मी वाचलं — "सत्त्याहत्तर, एकोणतिसावा."

काय केलं मी हे?

४ जुलै

आता रोज करावं लागणार! आज त्याला तेविसावा आणला. फार झालं.

६ जुलै

घाट आला. "ह्यो घाट आमच्या कशेडीहून मोठो?" भावजींनी विचारलं. मी म्हटलं, कशेडीवर कशेडी, त्याच्यावर परत कशेडी.  मग हे म्हणाले, "आणि एसटी पण नाही." भावजींनी सत्त्याहत्तरसाठी साखर ठेवली देवापुढे. बत्तीससाठीही ठेवली! 

सत्त्याहत्तर घाटात चौथा आला. माझी चूक झाली, तोंडातून निघून गेलं. भावजी गॅलरीत जाऊन नाचले. शकुच्या वाळवणावर पडले.

७ जुलै

त्याला पंक्चर केलं. इलाज नव्हता, यांच्या बत्तीसपेक्षा नऊ मिनिटं पुढे गेला होता. दोन पंक्चर, वर साखळी तुटली. भावजी जेवले नाहीत. रात्री मलाही झोप नाही. खरा गडी कुठल्याशा इस्पितळात खांदा बांधून पडलाय, त्याला बायको असेल, आणि मी इथे घाटकोपरला त्याच्या चाकात खिळे टाकतेय!

१० जुलै

यांचे डोळे बरे झाले, कामावर जायला लागले. साडेपाचला सुटतात, सहाला घरी. एवढ्या वर्षांत कधी आले नव्हते! भावजींचे डोळेही पांढरे दिसतात मला. ते म्हणतात, "नाय गो, आत खुपता अजून." राहू दे.

१३ जुलै

विद्याधरने मला जिन्यात गाठलं. "वहिनी, सत्त्याहत्तर कसा काय पळतोय?" पट्ट्या तोच आणतो, त्याला कळणारच. माझं तोंड उतरलं. त्याने आजची पट्टी घडी करून माझ्या हातात दिली. मग म्हणाला, "उद्या त्याला जरा जपा. उन्हाचा टप्पा आहे."

देवमाणूस.

१६ जुलै

सकाळी जाग आली तर दोघं पाणी भरतायत. एक हंडा, दोन्ही कडांना एकेक भाऊ. आज हरलं कोण होतं, तेच दोघं विसरले होते.

१९ जुलै, रविवार

उद्या पॅरिसची पट्टी येणार. खरं वाचलं तर पाट आपल्याच घरात. नुसतं तोंड उघडून खरं बोलायचं! पण भावजी हरले तर पिशवी उचलून जातील, आणि परत दोन वर्षं तोंड दाखवायचे नाहीत. हे हरले तर कुठे जाणार आहेत? इथेच असणार, कुरकुरत.

शिवाय दोन आठवडे मीच त्याला घाटातून चढवला. मोडक्या खांद्याने.

२० जुलै

बत्तीस नंबर एकोणिसावा. हे खरं.

सत्त्याहत्तर अठरावा. हे माझं.

सगळी चाळ दारात. शकुने आरडाओरडा केला. हे एकदम खाली बसले. मग उठले, फळीवरून पाट काढला, ओल्या फडक्याने पुसला आणि भावजींच्या पुढ्यात ठेवला. "घे, दादा. शब्द म्हणजे शब्द."

भावजी पाटाकडे बघतच राहिले. आनंद नाही, काही नाही. "नको रे. हयच रवांदे."

"का? जिंकलास ना?"

"जिंकलंय म्हणान काय झाला?"

"म्हणजे माझ्यावर दया करतोस?"

आणि जुंपली! दोन वर्षं दोघं म्हणत होते मला दे, आता दोघं म्हणतायत तूच घे. पाट मधल्यामधे इकडून तिकडे सरकतोय. शेवटी विद्याधर मधे पडला. ठरलं — पाट मुलुंडला जाणार. भावजी म्हणाले, "मगे रंगसफेदी करूक होयी. आठ दिवस द्या." संध्याकाळी पिशवी घेऊन गेले. पत्ता विचारला तर म्हणाले, "तोच. वरचो मजलो."

घर मोठं वाटतंय.

२४ जुलै

यांनी सहाला घरी येणं सोडलं नाही. येतात आणि विचारतात, "काही आलं का रे विद्याधर?" शर्यत संपली, तरी!

खरं सांगून टाकावंसं वाटतं. आज नको.

२६ जुलै, रविवार

आठ दिवस व्हायच्या आधीच निघालो, म्हटलं रंगाला हातभार लावू. बसने मुलुंड. पाट माझ्या कडेवर, यांच्या हातात चुना.

चाळच नाही! पत्र्याचं कुंपण, आत नुसती माती. समोरच्या पानवाल्याला भावजींचं नाव सांगितलं, तर म्हणाला, "मे महिन्यात पाडली ना. गुणाजी तेव्हापासून कंपनीच्या कँटीनमध्ये झोपतो, बाकावर. मधे डोळे आले तेव्हा तिथूनही काढला होता. कुठे गेला होता देव जाणे."

 यांनी चुन्याची पुडी तिथेच कुंपणाशी ठेवली आणि कंपनीच्या गेटाकडे चालायला लागले.

पाट परत आणला. भावजींनाही.