आमची कुठेही शाखा नाही

लालबाग,
९ मार्च २०२५

चि. हितेंद्र यास,
अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, म्हणून पोस्टमनला त्रास. मसाल्याचा सीझन सुरू झालाय. कांडपाला सकाळपासून रांग असते. माझे गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं कोण ऐकतो?

दुकानाच्या जाहिराती आता तुझी पुतणी लिहिते. माझी जुनी जाहिरात आकांक्षाने पेपर तपासावा तशी तपासली. 'सर्वोत्कृष्ट' खोडलं. 'चोखंदळ गृहिणींची एकमेव पसंती' खोडलं. म्हणाली, "बाबा, हे सगळेच लिहितात. आपण देठं काढून, मिरची उन्हात वाळवून गिऱ्हाइकासमोर कांडतो ना? तेवढंच लिहा, लोक येतील." कार्टी बरोबर बोलते. तिला तसं सांगितलं नाही, शेफारेल.

मग ती शेवटच्या ओळीवर आली. 'आमची कुठेही शाखा नाही.'

"ही कशाला?"

"पद्धत असते. सगळे मराठी दुकानदार लिहितात."

"आजोबांच्या जाहिरातीत नाहीये पण."

नव्हतीच. तू वडाळ्याला 'रामजी मसाले' उघडलंस, त्याच आठवड्यात मी ती घातली. अण्णांच्या नावावर तुझाही माझ्याइतकाच हक्क, हे मला ठाऊक होतं. माझ्या हयातीत तेवढी चाललेली दुसरी जाहिरात नाही. गिऱ्हाइकं तुला तोंडावर नकली म्हणाली आणि वर्षभरात तू शटर ओढलंस. मी नातेवाइकांत सांगत फिरलो, "त्याला धंदा जमला नाही." खोटं होतं ते. तुझा धंदा मी मोडला, तोही चार शब्दांत.

आकांक्षाला हे सगळं सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

तू हल्ली घरून मसाला विकतोस असं कळलं. नव्या जाहिरातीत शेवटी लिहायचं म्हणतोय: 'वडाळ्याच्या गिऱ्हाइकांनी रामजींचे धाकटे चिरंजीव हितेंद्र यांच्याकडे जावे. मसाला तोच.' पण तुला विचारल्याशिवाय तुझं नाव छापणार नाही. नको असेल तर तसं कळव, मी वाईट वाटून घेणार नाही. म्हणजे घेईन, पण ते माझं मी बघीन.

'गैरसोयीबद्दल क्षमस्व' अशी पाटी शटरवर कैकदा लावली. माणसाला पहिल्यांदाच लिहितोय. हितेंद्र, मला माफ कर.

दादा