पक्का रंग

३ मार्च
आलो एकदाचे! दुसऱ्याच्या रंगकुंडात काठी ढवळण्यापासून सुरुवात केली, पुढं स्वतःचा रंगाचा कारखाना काढला, तो विकून आज या बैठ्या घरात पाय पसरले. मूलबाळ नाही, मी, ही आणि हिच्या तीन पांढऱ्याशुभ्र कोंबड्या. पांढऱ्याच का? तर म्हणे, लग्न झाल्यापासून तुमचे निळे-जांभळे हात बघतेय, आता डोळ्यांना जरा विसावा. माझ्या नखांतला निळा काही केल्या जात नाही, हे तिचं कायमचं गाऱ्हाणं. सगळ्यात खाष्ट कोंबडीचं नाव 'सासूबाई'. उरलेल्या जाऊबाई आणि नणंद. माझ्या आईवर गेलीय का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, चोच तरी तीच आहे.

११ मार्च
नवी जागा मानवली नाही. कोंबड्यांची पिसं झडली, सासूबाईंची पाठ उघडी पडली. हिला घास गोड लागेना. शेजारच्या शिवणवाल्या बाईंनी घरचाच उपाय सांगितला. जवस आणि लसूण शिजवायचा आणि जीव लावणाऱ्या माणसानं स्वतःच्या तळहातावरून चारायचा. चारणाऱ्याचं थोडं काही कोंबडीत जातं, पिसं आली की ते आपसूक परत येतं, असंही म्हणाल्या. आणि बजावलं, भाऊ, पदरचं काही घालू नका.
मी कुठला ऐकतोय! चिमूटभर तुरटी टाकलीच. तुरटीशिवाय कापडावर रंग टिकत नाही, तर औषध काय टिकणार? ही मात्र मायेनं चारतेय. सासूबाई हिच्या हाताला चोचा मारतात, ही हसते.

१९ मार्च
औषध अंगी लागलं! पिसं आली, पण पांढरी नव्हेत. सासूबाई काळ्याभोर, उन्हात तांबूस झाक मारतात. जाऊबाईंचे पंख गुलाबी. गल्लीभर हशा, रंगाऱ्याच्या घरची कोंबडी पांढरी राहीलच कशी! मीही हसलो. तो गुलाबी मात्र कुठंतरी पाहिलेला. हिला थकवा वाटतोय. पावलं हलकी पडतात, माझे कान तिखट म्हणून कळतं.

२४ मार्च
ही आरशापुढं केस विंचरत होती. या वयातही काळे, तिचा तोच एक तोरा. सगळे पांढरे झालेत. म्हणाली, म्हातारी झाले हो. ओठ, गाल, पिंजलेल्या कापसासारखे.
बाहेर सासूबाई उन्हात उभ्या. ती तांबूस झाक मी आमच्या लग्नात पाहिली होती.
कामगारांना मी काय शिकवायचो? रंग हवेतून येत नाही. कापडावर चढला, तेवढा कुंडातला उतरला.

२६ मार्च
शिवणवाल्या बाईंकडे धावलो. तुरटीचं सांगितलं. त्यांनी कात्री खाली ठेवली. म्हणाल्या, गेलेलं परत यायचं असतं भाऊ, तुम्ही वाटच बंद केलीत.
मी रंग पक्का केला. माझ्या हातानं.
चारणं थांबवलंय. तरी चढतोच आहे.

२८ मार्च
नणंदेची मान मधाच्या रंगाची झाली. हिच्या डोळ्यांचा रंग. दिवा मंद आहे का, असं विचारत होती, भर दुपारी. हो म्हणालो.
भिंतीपुढं उभी राहिली की मला भिंतच दिसते.

२९ मार्च
कोंबड्यांना साबण, सोडा, उकळतं पाणी अंगाला सोसेल तेवढं गार करून — कशानं उतरेना. माझा रंग कधी उतरला नाही, याचीच तर जन्मभर फुशारकी.
सुरी घेतली. हिनं ओळखलं. म्हणाली, सासूबाईंना काही करू नका हो. माझंच आहे ना ते, हिंडू दे अंगणात.
तिला कळलंय. कधीपासून —

३० मार्च
कुंड बदलायचं, आता कुंड मी. एवढंच उरलं.
जवस, लसूण, मूठभर तुरटी. माझ्या तळहातावरून, तिला. तुरट म्हणून तोंड वाकडं केलं. लहान मुलासारखं भरवलं. खाल्लं.

३१ मार्च
ओठांना रंग — तिचा नव्हे, माझा, काळपट. असू दे. दिसतंय म्हणते. पावलं वाजू लागली.
माझ्या नखांतला निळा गेला. शेवटी गेला.

२ एप्रिल
ओळी दिसत नाहीत. अंदाजानं लिहितोय — कान आहेत अजून.
ती अहो, अहो करत घरभर फिरली. या खुर्चीपाशी थांबली. मी बोललो, तिला ऐकू गेलं नाही. मग म्हणाली, अगंबाई, माझ्या नखांत हा निळा —
स्वयंपाकघरात गेली. भांडं ठेवलं. लसूण ठेचतेय. डबा उघडला — तुरटीचा, झाकण तसंच वाजतं —
अगं नको. मी तोंड उघडणार नाही. तुझ्या हातचं नको गं, पुन्हा तू —